पद्मिनीला मागून टेम्पो ठोकला : पाटे, एक्सल, चेसिस कसं तपासायचं?

निळी_पद्मिनी (धागाकर्ता) :
मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईने.

बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, निळी, मूळ रंगातली. परवा संध्याकाळी वारज्याला सिग्नलवर उभा होतो. मागून एक पिकअप टेम्पो आला आणि त्याच्या बंपरचा कोपरा थेट डाव्या मागच्या मडगार्डात घुसला. मडगार्ड आत जाऊन टायरला टेकलं. मी एकटाच होतो. मानेत उसण भरली आहे, बाकी ठीक.

तिथल्याच दोघा-तिघांनी टॉमी घालून मडगार्ड बाहेर ओढलं, चाक मोकळं झालं आणि गाडी चालवतच घरी आणली. डेंटर म्हणतो, "काही नाही साहेब, पत्र्याचं काम आहे, चार दिवसांत देतो." पण येताना एक गोष्ट खटकली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागत होतं, घड्याळात काटा दीडेक मिनिट पुढे असावा तेवढंच. आधी असं नव्हतं. पुढच्या बाजूला तर ओरखडाही नाही. मार मागे आणि स्टिअरिंग वाकडं, हे कसं काय?

पुणेरी_पाना :
चालवत आणलीत? पेट्रोल टाकी, ब्रेकचे पाइप काहीही न बघता? असो, आणलीत ती आणलीत. आता किल्ली काढून ठेवा. सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि दुपारी डाग बघा. पेट्रोलचा वास, ब्रेक ऑइल, हौसिंगमधून (मागच्या एक्सलच्या कवचातून) गिअर ऑइल, यातलं काहीही दिसलं तर पुढचे सगळे प्रश्न नंतर. ब्रेकचा पाइप एक्सलवरून जातो. चाकावर मार बसला की तो कुठेतरी चेपतो, आणि चेपलेला पाइप लगेच गळेलच असं नाही.

आणि डेंटरला हात लावू देऊ नका. आधी मोजायचं, मग ठोकायचं. पत्रा सरळ झाला की पुरावा गेला.

अंबीवाला_अण्णा :
अँबॅसिडर असती तर टेम्पोच दुरुस्तीला गेला असता. 😄

निळी_पद्मिनी :
अण्णा, अपेक्षितच होतं. पाना, वर्तमानपत्र पसरलं आहे.

कमानवाला_तासगाव :
आमचं कमान-पाट्याचं दुकान, वडलांपास्नं. कमान म्हंजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग. आता ट्रकचंच काम जास्त, पण फियाटच्या कमानी ढिगानं केल्यात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं हाय. स्टिअरिंग बिघडलेलं न्हाई. मागचा एक्सल तिरका झालाय, म्हणून पुढं स्टिअरिंग तिरकं धरावं लागतंय.

फियाटला, म्हंजे तुमच्या पद्मिनीला, मागं अख्खा एक्सल दोन कमानींवर बसलेला असतो. त्याला जागेवर धरणारं दुसरं काय बी न्हाई, कमानच सगळं धरती. कमानीचं पुढचं टोक बुशात घट्ट, मागचं टोक शॅकलवर, म्हंजे हलत्या कडीवर, झुलतं. मधे पाट्यांतनं सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं, आन् वरनं यू-बोल्ट आवळलेलं असतात. चाकाला मागनं दणका बसला की सेंटर बोल्ट कापला जातो, कमानीवर एक्सल सरकतो. यू-बोल्ट तुटत न्हाईत, म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं.

डावीकडून एक्सल पुढं सरकला असंल तर मागची दोन्ही चाकं उजवीकडं तोंड करून बसली. गाडी खेकड्यासारखी चालणार. मागच्या चाकांच्या बरोबरीनं पुढची चाकं बी तुम्हाला उजवीकडं धरावी लागणार. तुमचं दीड मिनिट ते हेच.

टेप घ्या आन् चाकापास्नं चाकापर्यंत दोन्ही बाजू मोजा. मग बोलू.

ओळंबा_सिव्हिल :
कमानवाले दादांशी सहमत, पण नुसती टेप धरून चाकाचं चाकाला मोजू नका. हबचं मध्य हवेत असतं, टेपला झोळ पडतो, मध्ये मडगार्ड येतं. मी गाड्यांमधला नाही, बांधकामातला आहे. पण माझ्या स्वतःच्या गाडीसाठी हा उद्योग केलेला आहे.

सपाट फरशीवर गाडी उभी करा. पार्किंगच्या उतारावर नाही. चारही टायरची हवा सारखी. डिकीतलं सामान बाहेर. पुढची चाकं सरळ ठेवून गाडी दोन-तीन हात पुढे-मागे ढकला, म्हणजे कमानी आपल्या आपण बसतील. मग प्रत्येक हबच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने बारीक फुली मारा. गाडी बाजूला ढकला. आता फरशीवर चार फुल्या आहेत, निवांत मोजा. पद्मिनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) पुस्तकात २३४० मिमी आहे. पुस्तकापेक्षा डावं आणि उजवं एकमेकांशी जुळतं का, हे महत्त्वाचं. तीन-चार मिमी फरक जुन्या गाडीत मी सोडून देईन, सहा-सातच्या पुढे नाही.

त्याच बैठकीत गाडीखालच्या जोडीच्या जागांवरूनही ओळंबे सोडा. कमानीच्या पुढच्या बोल्टचा मध्य, शॅकलचा वरचा बोल्ट, मागच्या बाजूला बॉडीवर डाव्या-उजव्या सारख्या असलेल्या कुठल्याही दोन भोकांचे मध्य. त्यांचे कर्ण मोजा. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात आहे. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो.

टेप पोलादी घ्या. कापडी टेप ताणली की वाढते, मग दोन दिवस डोकं धरून बसाल. (अनुभव.)

लीड्सकर :
धागा वाचतोय. माझ्याकडे इथे मॉरिस मायनर ही जुनी इंग्लिश गाडी आहे. तीही बिनचेसिसची आणि तिलाही मागे पाट्याच्याच कमानी, त्यामुळे लिहितो. शब्दाचा कीस पाडत नाही, पण धाग्याच्या नावात 'चेसिस' आहे आणि पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पद्मिनी जिच्यावरून आली ती फियाट ११००-१०३ ही १९५३ ची गाडी, बॉडी हीच तिची चेसिस. पत्र्याच्या घडीव पेट्या तळाला वेल्ड केलेल्या आहेत आणि कमानीची टोकं धरणारे हँगर त्यांना जोडलेले आहेत. म्हणून "पत्र्याचंच काम आहे" हे वाक्य या गाडीच्या बाबतीत धीर देणारं अजिबात नाही.

दुसरं गंजाबद्दल. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मायनरचे मागचे हँगर आतून खाऊन जातात. धडक नसतानाही माझा एक असाच निखळायला आला होता. वरून रंग छान, आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर थेट आत. पद्मिनी पुण्याची आहे की मुंबईत वाढली? समुद्राकाठी राहिली असेल तर हँगरभोवती टोचून बघाच. गंजलेली जागा धडकेत आधी फाटते.

निळी_पद्मिनी :
पुण्याचीच. पण दरवर्षी मे महिन्यात गुहागरला जायची.

आज सुट्टी टाकली. सोसायटीच्या क्लबहाउससमोर सपाट फरशी आहे. वॉचमनकाकांना वाटलं, गाडीची वास्तुशांत चालली आहे. ओळंबा पलीकडच्या इमारतीवर काम करणाऱ्या मिस्त्रींकडून आणला, त्यांनीच तो धरूनही दाखवला.

उजवा व्हीलबेस २३४१. डावा २३२९. तीनदा मोजला. बारा मिमी फरक!

वर्तमानपत्र कोरडं आहे, फक्त डाव्या मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला तेलाचा ओलसर गोल दिसतो. तो आधीपासूनचा की आत्ताचा, सांगता येत नाही.

कमानवाला_तासगाव :
बारा म्हंजे सरकलाय. आता नेमकं काय सरकलंय ते बघा, एक्सल का हँगर? कमानीच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापास्नं एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडं मोजा. डावीकडं कमी भरलं तर एक्सल कमानीवर सरकलाय, सेंटर बोल्ट गेलाय. ते काम हजारातलं. दोन्हीकडं सारखं भरलं तर कमानीसकट हँगरच पुढं गेलाय, म्हंजे बॉडी गेली. ते काम मोठं.

आन् यू-बोल्टच्या बुडाशी ब्याटरी मारून बघा. इतकी वर्षं प्लेट जिथं बसली व्हती तिथं कमानीवर धुळीची आन् ग्रीसची कड असती. सरकली असंल तर कडंच्या बाजूला चकचकीत लोखंड उघडं पडलेलं दिसंल, बोटभर न्हाई, नखाएवढं.

पुणेरी_पाना :
डावीकडचा शॉकअपही काढून बघा. हाताने पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. मधेच अडकला किंवा दांड्यावर एका बाजूला घासल्याची रेघ दिसली, तर दांडा वाकलाय. शॅकलही बघा, दोन्हीकडे सारख्याच कोनात झुकलेली हवी. गाडी वर घ्याल तेव्हा घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर विसंबून आत शिरू नका.

गॅरेज_नाक्यावरचं :
इतका काथ्याकूट कशाला? चांगल्या फिटरकडे न्या. हौसिंग वाकलं असेल तर गॅस मारून, चेन लावून ओढतात, तासाभराचं काम. आमच्याकडे काळ्या-पिवळ्या अशाच सरळ व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी धंद्यावर.

कमानवाला_तासगाव :
भाऊ, काळी-पिवळीला दुसऱ्या दिवशी धंदा करायचा असतो, ह्यांना गाडी पोराला द्यायचीय. हौसिंगला गॅस लावलात की त्याच्या नळीचं, म्हंजे ट्यूबचं, दोन टोकांचं मध्य एका रेषेत राहील याची ग्यारंटी कोण देणार? मग सील गळणार, बेअरिंग खाणार. आन् कमानीला तर गॅस अज्याबात लावायचा न्हाई. पाट्याची ताकद त्याच्या पाण्यात, म्हंजे तापवून दिलेल्या कडकपणात असती. लाल केलात की पाणी उतरलं, मग तो पाटा न्हवं, पट्टी.

गॅरेज_नाक्यावरचं :
कमानीचं मी बोललोच नाही. हौसिंगचं म्हणालो. बरं, राहिलं.

ओळंबा_सिव्हिल :
हौसिंग वाकलंय की नाही हे न उघडता कळतं. कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याकडे न्या, पण टोचन करून. तो म्हणेल, "ह्या गाडीचा डेटाच नाही मशिनमध्ये." म्हणू दे. कुठलीही गाडी निवडायला सांगा आणि फक्त मागच्या चाकांचे आकडे वाचायला सांगा. चाक फिरवून रिमचा डगमग वजा करून घ्यायला मात्र विसरू नका.

अखंड एक्सलला मागे टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकाचं वरून आत-बाहेर कलणं) जवळजवळ शून्यच हवा, तिथे फिरवायला बोल्टच नसतो. आता गंमत बघा. डावं चाक जितकं आत वळलंय तितकंच उजवं बाहेर वळलं असेल, तर दोन्हींची बेरीज शून्य येते. म्हणजे हौसिंग सरळ आहे आणि नुसतं तिरकं बसलंय. बेरीज शून्याच्या आसपास आली नाही, एकट्या डाव्याच चाकाचा आकडा मोठा निघाला, तर ट्यूब वाकली.

मशीन नको असेल तर रस्त्यावर पाणी ओतून, ओल्यातून गाडी सरळ हळू पुढे न्या आणि कोरड्यावर उमटलेले ठसे बघा. बारा मिमीला मागचे ठसे पुढच्यांच्या मानाने दोनेक सेंटिमीटर उजवीकडे सरकलेले दिसतील. पुढची-मागची रुंदी तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे एकाच बाजूचा ठसा बघून फसू नका.

क्लेमवाली_ताई :
सगळे पाने-ओळंबे घेऊन बसलेत, कागदाचं कोणीच बोलेना. मी विमा दाव्यांच्या कामात होते म्हणून सांगते. खोलण्याआधी फोटो काढा आणि फोटोत टेपचे आकडे वाचता आले पाहिजेत. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला कळवा, तो बघून गेल्याशिवाय डेंटरने हातोडी उचलायची नाही. दोष टेम्पोचा, तेव्हा पोलिसांत नोंद करून ठेवा. त्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण ती वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते, वेळ लागतो. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीवर दावा केलात तर जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती ठरलीये ते आधी बघा. पाच वर्षांवरच्या गाडीला ती तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता, आणि बहुतेक लोक एजंटने लिहिलेल्या आकड्यावर डोळे मिटून सही करतात.

निळी_पद्मिनी :
ताई, मीही डोळे मिटूनच केली होती. आयडीव्ही वाचून बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

आजचा हिशेब. सर्व्हेअर येऊन गेला. पुढचा बोल्ट ते एक्सल : उजवीकडच्यापेक्षा डावीकडे ११ मिमी कमी. म्हणजे हँगर जागेवर! अलाइनमेंटचे आकडे : मागचं डावं ०.६ अंश आत, उजवं ०.५ बाहेर. बेरीज जवळजवळ काहीच नाही. मशीनवाल्याने पहिलं वाक्य जसंच्या तसं तेच टाकलं, "डेटाच नाही." मला हसूच आलं.

यू-बोल्टपाशी ब्याटरी मारली, दादा. नखाएवढं चकचकीत लोखंड. अगदी तुम्ही म्हणालात तसं.

पण आता नवीन काळजी. कर्ण. कमानीच्या पुढच्या बोल्टपासून शॅकलपर्यंतचे कर्ण जुळतात, एक मिमीचा फरक. पण त्याच्याही मागे, डिकीच्या तळाच्या शेवटच्या भोकांपर्यंतचे कर्ण घेतले तर आठ मिमी फरक येतोय. आणि डिकीतला रबर मॅट उचलला तर उजव्या कोपऱ्यात पत्र्याला सुरकुती. धडक तर डावीकडे बसली होती.

पुणेरी_पाना :
उजव्या कोपऱ्यात? सुरकुतीचा जवळून फोटो टाका. घडीच्या आत काय दिसतं ते हवंय.

निळी_पद्मिनी :
फोटो टाकलाय. घडीच्या तळाशी तपकिरी गंज, त्याच्यावर निळा रंग, आणि रंगावर धूळ बसून दगड झाली आहे. शेजारच्या शिवणीवरचं सीलरही ब्रशने हाताने लावल्यासारखं, बाकी ठिकाणी तसं नाही.

पुणेरी_पाना :
मग ती जुनी आहे. ताज्या सुरकुतीत रंगाला खवले सुटतात, खाली पांढरं लोखंड दिसतं आणि सीलर कोरडा फुटतो. तुमच्याकडे रंग घडीच्या आत शिरलाय, म्हणजे आधी वाकली, मग रंगवली. तुमच्या गाडीला कधीतरी उजवीकडून मागे मार बसलाय. आणि हो, "मूळ रंग" म्हणता तो निदान मागच्या बाजूला तरी मूळ नाही.

अंबीवाला_अण्णा :
बाबांना विचारा. 🍿

निळी_पद्मिनी :
विचारलं.

आधी म्हणाले, "काहीतरीच." मग चहा झाला. मग म्हणाले, १९८४ साली खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, मागे आली आणि कठड्याला टेकली. "टेकली" हा त्यांचा शब्द. आई तेव्हा माहेरी साताऱ्याला होती, तिला आणायलाच चालले होते. दोन दिवस उशिरा पोचले आणि सांगितलं की ऑफिसात अडकलो होतो. तो डेंटर साताऱ्याचाच होता. चाळीस वर्षं डिकीत तो मॅट कोणी उचलू नये म्हणून तिथे कायम एक सतरंजी असायची. मला वाटायचं ती सहलीसाठी आहे.

आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "ऑफिसला तेव्हा दिवाळीची सुट्टी होती."

लीड्सकर :
हा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

क्लेमवाली_ताई :
खूप गोड आहे, पण ती सुरकुती दाव्यात घालू नका. सर्व्हेअरलाही गंज दिसतो. जुनं नुकसान नव्यात घुसवलं की खरंखुरं नुकसानही संशयात येतं.

ओळंबा_सिव्हिल :
ते आठ मिमी शॅकलच्याही मागे आहेत. तिथे एक्सलचा काही संबंध नाही, चाकाला त्याची खबरही नाही. डिकीचं झाकण नीट बसत असेल तर राहू द्या.

निळी_पद्मिनी :
झाकण पहिल्यापासूनच जरा आपटून लावावं लागतं. आता कळलं का.

आठवड्याने पुन्हा आलो. डावी कमान उतरवली. सेंटर बोल्ट दोन तुकडे होऊन हातात आला. डोकं बैठकीत अडकलेलं, दांडा पाट्यात, आणि तुटलेली बाजू अर्धी काळी, अर्धी चकचकीत.

कमानवाला_तासगाव :
काळी बाजू म्हंजे आधीचीच चीर. बरीच वर्षं अर्ध्या बोल्टावर चालत व्हती गाडी. टेम्पोनं उरलेलं अर्धं तोडलं. उजवीकडचा बी बदला, त्याच वयाचा हाय. यू-बोल्ट चारी नवे घ्या, जुने ताणलेले असतात, त्यांचे आटे परत धरत न्हाईत. बैठकीचं भोक बघा, गोल हाय का अंडाकृती झालंय?

निळी_पद्मिनी :
भोक गोल आहे. दोन्ही सेंटर बोल्ट, चारही यू-बोल्ट, पुढचे बुश आणि शॅकलचे बुश नवे. डाव्या कमानीतला चौथा पाटा टोकाला चिरलेला निघाला, तो नवा घातला आणि उजव्या-डाव्या कमानींची उंची जुळवून घेतली, थंडच, गॅस न लावता. तेल गळत होतं ते डाव्या सीलमधून, तेही बदललं. ब्रेकचा पाइप एका जागी चपटा झाला होता, पाना, तुमचे आभार. शॉकअपचा दांडा सरळ, पण तो जुनाच थकलेला होता, जोडी नवीन टाकली.

काल परत ओळंबा. उजवा २३४०, डावा २३३९. स्टिअरिंग सरळ. कात्रजपर्यंत जाऊन आलो, बाबा शेजारी.

आता मडगार्ड डेंटरकडे. पुट्टी कमी, ठोकणं जास्त, असं ठरलंय.

कमानवाला_तासगाव :
झ्याक. दोनशे किलोमीटर झालं की यू-बोल्ट परत आवळून घ्या, गाडी चाकांवर उभी असताना, लटकत असताना न्हाई. नवे पाटे बसतात आन् नटं ढिली व्हतात.

निळी_पद्मिनी :
नोंद केली. दोनशे म्हणजे गुहागरला पोचता पोचताच होतील, तिथे आवळतो. सतरंजी मात्र आईने डिकीतून काढून घेतली आहे.